मोजणी न झालेली भूमी, मोजलेले पक्षी : कोडियक्करै येथील शरदऋतूतील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास बहुधा थोर पक्षितज्ज्ञांच्या चरित्रांतून सांगितला जातो. व्यक्तीचे कार्य, तिने लिहिलेले ग्रंथ आणि तिला लाभलेले सन्मान यांच्या आधारे हा इतिहास उभा राहतो. परंतु ज्या स्थळी ही निरीक्षणे झाली त्या स्थळाचा स्वतंत्र इतिहास क्वचितच मांडला जातो. स्थळ केंद्रस्थानी ठेवले असता वेगळे प्रश्न पुढे येतात. पक्षी मोजण्यासाठी पैसा कोणी दिला? तो का दिला? ज्या जमिनीवर पक्षी उतरतात ती कोणाच्या दप्तरात कोणत्या नावाने नोंदलेली होती? आणि मोजणी करणाऱ्याच्या हेतूवरून त्या मोजणीचे मूल्य ठरवावे काय?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी तमिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यातील कोडियक्करै हे स्थळ अत्यंत उपयुक्त आहे. इंग्रजी नकाशांत ते पॉइंट कॅलिमियर या नावाने ओळखले जाते. बंगालच्या उपसागराला समांतर दक्षिणेकडे येणारा किनारा या भूशिरापाशी जवळजवळ काटकोनात पश्चिमेकडे वळतो आणि पाल्कच्या सामुद्रधुनीला सुरुवात होते. या वळणाच्या आत सुमारे 48 किलोमीटर लांबीची वेदारण्यमची विशाल खारी दलदल पसरली आहे. दरवर्षी ऑगस्टपासून उत्तरेकडील किनारपक्षी येथे उतरू लागतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे जे कार्य दीर्घकाळ केले, त्यामुळे कोडियक्करै हे भारतीय पक्षिस्थलांतराच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र बनले. प्रस्तुत लेखात या केंद्राच्या घडणीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

भूप्रदेश आणि ऋतुमान

महाराष्ट्रात शरद म्हणजे पाऊस ओसरून आकाश निरभ्र होण्याचा काळ. कोरोमंडल किनाऱ्यावर मात्र याच काळात पावसाळ्याची चाहूल लागते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा फारसा पाऊस या भागाला मिळत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वारे येथे पाऊस आणतात. उन्हाळ्यात दलदलीचा बराचसा भाग कोरडा पडतो आणि त्यावर मिठाचा पांढरा थर दिसू लागतो. पावसाने व भरतीच्या पाण्याने तो पुन्हा जलमय होतो. या दोन अवस्थांच्या मधला काळ, म्हणजे साधारणपणे भाद्रपद ते कार्तिक, किनारपक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. चिखल्या, टिलवा, तुतवार यांसारखे लहान पक्षी पोहत नाहीत. ते उथळ पाण्यात किंवा ओल्या चिखलात चालत चोचीने किडे, अळ्या व कृमी टिपतात. पाणी बोटभर वाढले किंवा घटले तरी त्यांच्यासाठी भोजनाची जागा बदलते. त्यामुळे ईशान्य मोसमी पाऊस केव्हा सुरू झाला आणि किती पडला, यावर त्या वर्षीचे पक्षिदर्शन अवलंबून असते. रोहित पक्ष्यांचे व बदकांचे मोठे थवे पाहण्यासाठी डिसेंबरनंतरचा काळ अधिक सोयीचा असतो.

कोडियक्करैचे महत्त्व केवळ किनारपक्ष्यांपुरते मर्यादित नाही. दलदलीलगत शुष्क सदाहरित वन आहे आणि या वनात नवरंगासारखे रानपक्षी ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात. पुढे समुद्र ओलांडून श्रीलंकेकडे जाण्यापूर्वी मिळणारा हा अखेरचा विसावा होय. वनातील एका उंचवट्यावर रामाची पावले असल्याची श्रद्धा असून तो रामर पादम या नावाने ओळखला जातो. सभोवतालचा प्रदेश इतका सपाट आहे, की काही मीटर उंचीचा हा उंचवटाही दूरवर पाहण्यास पुरेसा ठरतो. लंकेच्या वाटेवरील स्थान म्हणून लोकपरंपरेने या भूशिराची नोंद फार पूर्वीच घेतली होती, असेच म्हणावे लागते.

मिठाचे दप्तर

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रदेशाचा एक जुना संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. वेदारण्यमचा परिसर तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यात मोडत होता. 1799 च्या तहाने सरफोजी राजे दुसरे यांच्या राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. विद्याव्यासंगी सरफोजी राजांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली होती आणि त्यांपैकी एक संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पक्ष्यांचे रूप टिपण्याची परंपरा अशा रीतीने या प्रदेशात होती. त्यांची संख्या मोजावी, असा विचार मात्र त्या काळी कोठेही रूढ नव्हता.

कंपनी सरकारला या किनाऱ्यावर मोजण्याजोगी एकच वस्तू दिसली आणि ती म्हणजे मीठ. 1805 मध्ये मद्रास इलाख्यात मिठाचा सरकारी मक्ता स्थापन झाला. त्यानंतर मिठागरे, कोठारे आणि पहारे यांची दप्तरे काटेकोरपणे ठेवली जाऊ लागली. परंतु ज्या जमिनीवर पीक येत नाही आणि मीठही पिकविले जात नाही, ती दलदल महसुलाच्या दृष्टीने निरुपयोगी होती. अशा जमिनीची मोजणी करण्याचे कारण नव्हते. आजही कोडियक्करैच्या रामसर नोंदीत सुमारे 150 चौरस किलोमीटर क्षेत्राचा निर्देश 'मोजणी न झालेली खारी दलदल' अशाच अर्थाच्या शब्दांत केलेला आढळतो. महसुली भाषेतील ही संज्ञा वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु जी भूमी मोजली जात नाही तिचा कोणी दावेदार नाही असे गृहीत धरले जाते आणि पुढे ती सहजपणे अन्य कामासाठी देता येते. कोडियक्करैच्या नंतरच्या इतिहासात या गृहीतकाचे परिणाम स्पष्टपणे दिसतात.

याच मिठामुळे वेदारण्यमचे नाव राष्ट्रीय इतिहासातही नोंदले गेले. गांधीजींच्या दांडीयात्रेनंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी 13 एप्रिल 1930 रोजी तिरुचिरापल्लीहून सत्याग्रहींसह पदयात्रा काढली. सुमारे 240 किलोमीटरचे अंतर चालून ते महिनाअखेरीस वेदारण्यमला पोहोचले आणि 30 एप्रिल रोजी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. दलदलीच्या काठचे मीठ मूठभर उचलणे हे स्वराज्याच्या हक्काचे प्रतीक ठरले. मात्र स्वातंत्र्यानंतरही दलदलीकडे मिठाची भूमी म्हणून पाहण्याची दृष्टी बदलली नाही. लहान मिठागरांच्या जोडीला रासायनिक उद्योगांना लागणाऱ्या मिठाची विस्तीर्ण आगरे येथे उभी राहिली.

रोगाची शंका आणि पक्ष्याच्या पायातील कडे

पक्ष्याच्या पायात क्रमांक असलेले हलके कडे अडकवून त्याला सोडून द्यावे आणि तो अन्यत्र सापडल्यास त्याचा प्रवास समजून घ्यावा, ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. भारतात 1920 च्या दशकात धार संस्थानच्या महाराजांच्या पुढाकाराने असा एक आरंभीचा प्रयत्न झाला होता. परंतु या कामाला व्यापक स्वरूप आले ते एका रोगाच्या निमित्ताने.

1957 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्या परिसरातील माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडींमार्फत पसरणारा हा विषाणू रशियातील मेंदूज्वराच्या एका विषाणूच्या कुळातील निघाला. साहजिकच एक शंका निर्माण झाली. उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून हा रोग भारतात आला असेल काय? या शंकेच्या निरसनासाठी पक्ष्यांचे मार्ग माहीत असणे आवश्यक होते. पक्षिस्थलांतराच्या अभ्यासासाठी निधी शोधणाऱ्या सालिम अली यांना जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि 1959 च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिस्थलांतर प्रकल्प सुरू झाला. कच्छ, भरतपूर आदी ठिकाणी शिबिरे भरू लागली. स्थलांतरित पक्ष्यांनी हा रोग आणल्याची शंका पुढे सिद्ध झाली नाही. मात्र त्या शंकेने सुरू झालेले काम थांबले नाही.

या शिबिरांतील एका घटकाची दखल इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. जिवंत पक्षी इजा न होता पकडणे हे विद्यापीठीय शिक्षणाने येणारे कौशल्य नव्हे. ते बिहारमधील मीरशिकार समाजाकडे पिढ्यान्पिढ्या होते. पक्षी पकडून विकणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, त्या समाजातील कुशल पारधी संस्थेच्या शिबिरांत काम करू लागले. वाऱ्याची दिशा, चंद्राचा प्रकाश आणि पक्ष्यांची उतरण्याची सवय पाहून जाळे कोठे लावायचे, याचा निर्णय बहुतेकदा त्यांच्या अनुभवावर सोपविला जाई. पक्षिशास्त्राच्या नोंदवह्यांत शास्त्रज्ञांची नावे येतात. त्या नोंदींमागील हातांची नावे क्वचितच येतात.

संशयाचे पर्व

जागतिक आरोग्य संघटनेचा निधी मर्यादित होता. 1963 पासून पूर्व व आग्नेय आशियात स्थलांतरित प्राण्यांच्या रोगविषयक पाहणीचा एक विशाल प्रकल्प सुरू झाला. एच. इलियट मॅक्लूर यांच्या नेतृत्वाखाली 1971 पर्यंत चाललेल्या या प्रकल्पात दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घालण्यात आली. या प्रकल्पाला अमेरिकेच्या लष्कराच्या संशोधन विभागाचा निधी होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे स्थलांतरविषयक कामही या प्रकल्पाशी जोडले गेले. शीतयुद्धाच्या काळातील या संबंधाची चिकित्सा अमेरिकन इतिहासकार मायकेल लुईस यांनी भारतातील परिसरशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात केली आहे.

1974 मध्ये हा विषय वादग्रस्त ठरला. दिल्लीतील डासांच्या जनुकीय नियंत्रणाच्या प्रकल्पासंबंधी वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या वृत्तातून परदेशी साहाय्याने चालणाऱ्या संशोधनाविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले. पक्षिस्थलांतराचा प्रकल्पही त्यात ओढला गेला. भारतात येणाऱ्या पक्ष्यांचे मार्ग आणि त्यांच्या अंगावरील परोपजीवी यांची माहिती एका परदेशी लष्कराला कशासाठी हवी, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते. 1971 च्या युद्धातील अमेरिकेच्या भूमिकेची आठवण ताजी होती. सालिम अली यांचे सहलेखक एस. डिलन रिप्ले यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या गुप्तवार्ता सेवेत काम केले होते, हेही सर्वज्ञात होते. संसदेच्या लोकलेखा समितीने 1975 मध्ये सादर केलेल्या 167 व्या अहवालात अशा सहकार्याची कठोर चिकित्सा केली आणि जैविक युद्धाच्या दृष्टीने अशा माहितीचा उपयोग होऊ शकतो, या शक्यतेकडे लक्ष वेधले.

या प्रकरणाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एका मतानुसार निरुपद्रवी पक्षिनिरीक्षकांवर अकारण संशय घेतला गेला. दुसऱ्या मतानुसार हे विज्ञान म्हणजे परकीय सत्तेच्या हातातील साधन होते. दोन्ही मते अपुरी आहेत. निधी देणाऱ्याचा हेतू विचारणे हा लोकशाहीतील प्रतिनिधींचा अधिकार आहे आणि तो त्यांनी बजावला. त्याचबरोबर निधी देणाऱ्याच्या हेतूने नोंदीचा अर्थ संपत नाही, हेही खरे आहे. एखाद्या पक्ष्याच्या पंखाची लांबी, वजन, वय आणि पकडल्याचा दिनांक ही माहिती कोणी पैसा दिला यावरून खोटी ठरत नाही. महसुलासाठी लिहिलेल्या दप्तरातून इतिहासकार जसा समाजाचा इतिहास वाचतो, तसाच उपयोग या नोंदींचाही करावा लागतो. त्यासाठी त्या नोंदींच्या जन्माची कथा लपविण्याचे कारण नाही. ती कथा माहीत असली म्हणजे नोंदी अधिक सावधपणे वाचता येतात.

कोडियक्करैची शिबिरे

कोडियक्करैचे नाव पक्षिशास्त्रात ठळकपणे आले ते सालिम अली यांच्यामुळे. 1963 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक टिपण प्रसिद्ध करून हिवाळी किनारपक्ष्यांसाठी येथे अभयारण्य व्हावे, असे सुचविले. पुढे 1980 मध्ये संस्थेने पक्ष्यांच्या हालचालींचा नवा दीर्घकालीन प्रकल्प हाती घेतला. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचे आर्थिक साहाय्य त्याला होते. एस. ए. हुसेन यांच्याकडे त्याची धुरा होती आणि कोडियक्करै हे त्याचे एक मुख्य केंद्र झाले. एस. बालचंद्रन यांनी त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ येथील पक्ष्यांचा अभ्यास केला. मागील पर्वातील शिबिरांत तयार झालेली पद्धत आणि पारध्यांचे कसब यांचा वारसा या नव्या प्रकल्पाला मिळाला.

येथील कामाचे स्वरूप कष्टाचे होते. काळोख्या रात्री उथळ पाण्यात बारीक धाग्यांची जाळी उभारली जात. जाळ्यात सापडलेला पक्षी अलगद सोडवून त्याच्या पायात ॲल्युमिनियमचे कडे घालायचे, पंख व चोच मोजायची, वजन करायचे, पिसे गळण्याची अवस्था पाहायची आणि त्याला पुन्हा सोडून द्यायचे. कड्यावर क्रमांक असे आणि पक्षी सापडल्यास मुंबईच्या संस्थेस कळवावे, अशी इंग्रजीत विनंती असे. पंचवीसेक ग्रॅम वजनाचा टिलवा मुंबईचा पत्ता पायात घेऊन उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाकडे जाई, ही गोष्ट या कामाची व्याप्ती पुरेशी स्पष्ट करते.

शरदऋतूतील मोजणीचे वैज्ञानिक महत्त्व कर्ल्यू सँडपायपरच्या उदाहरणावरून ध्यानात येते. बाकदार चोचीचा हा तुतवार केवळ सायबेरियाच्या अतिउत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात प्रजनन करतो. नर आधी निघतात, त्यांच्यामागून माद्या आणि सर्वांत शेवटी त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले. त्यामुळे ऑगस्टमध्ये भारताच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर विणीच्या काळातील तांबूस पिसांचे अवशेष दिसतात, तर सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये नव्या पिसांचे कोवळे पक्षी येतात. पिसांच्या कडांवरून त्यांचे वय ओळखता येते. एखाद्या शरदात कोवळ्या पक्ष्यांचे प्रमाण बरेच असते, तर एखाद्या शरदात ते नगण्य असते. टुंड्रा प्रदेशात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांची संख्या घटली की कोल्हे व अन्य भक्षक पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांकडे वळतात, असे स्पष्टीकरण रोसेलार या डच अभ्यासकाने 1979 मध्ये सुचविले आणि पुढील संशोधनाने त्यास बळकटी आली. तमिळ किनाऱ्यावर आश्विन महिन्यात केलेल्या नोंदीतून सायबेरियातील आषाढाचे वृत्त कळते, असा याचा अर्थ होतो. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून नियमितपणे होत आली आहे. तिच्यातून हिवाळ्यातील एकूण संख्या समजते. परंतु वयाचे प्रमाण आणि आगमनाचा क्रम समजण्यासाठी शरदातील निरीक्षणाला पर्याय नाही.

या नोंदींतील आणखी एक पक्षी उल्लेखनीय आहे. चमच्यासारखी टोकाला पसरट चोच असलेला चिमुकला स्पून-बिल्ड सँडपायपर कोडियक्करै येथे आढळल्याची निरीक्षणे आर. सुगतन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केली. हा पक्षी रशियाच्या ईशान्य टोकाला वीण करतो. 2008 मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाला. आज जगभरात त्याची संख्या काही शेकड्यांवर आली आहे. 1985 मधील ते टिपण लिहिले गेले तेव्हा ती एक दुर्मीळ पक्ष्याची नोंद होती. आज ती एका ओसरत चाललेल्या प्रजातीच्या इतिहासाचे साधन बनली आहे.

अभयारण्याची सीमा

सालिम अली यांच्या टिपणानंतर चार वर्षांनी, 1967 मध्ये, कोडियक्करै येथे अभयारण्य स्थापन झाले. परंतु त्याच्या सीमेचे स्वरूप विचारात घेण्यासारखे आहे. रामसर नोंदीनुसार या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 17 चौरस किलोमीटर आहे आणि त्यात प्रामुख्याने वनखात्याच्या ताब्यातील शुष्क सदाहरित वन व गवताळ प्रदेश येतो. काळवीट हे या अभयारण्याचे मुख्य आकर्षण ठरले. टिपण किनारपक्ष्यांसाठी होते, सीमा मात्र प्राधान्याने वनाभोवती आखली गेली. ज्या उथळ पाण्यात लाखांच्या घरात पक्षी उतरत, त्या दलदलीचा मोठा भाग या सीमेबाहेर राहिला. वनाची मोजणी झालेली होती, त्यामुळे त्याचे संरक्षण करणे प्रशासनास शक्य झाले. दलदलीची मोजणी झालेली नव्हती, त्यामुळे तिचे संरक्षणही लांबणीवर पडले, असे अनुमान करण्यास जागा आहे.

दरम्यानच्या काळात दलदलीचे स्वरूप बदलत गेले. औद्योगिक मिठागरांसाठी बांध घातले गेले, समुद्राचे पाणी पंपाने आत घेतले जाऊ लागले आणि पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडला. मिठागर सर्वस्वी पक्ष्यांच्या विरोधात असते असे नाही. त्याच्या आरंभीच्या कुंडांतील कमी खारट, उथळ पाणी पक्ष्यांना उपयोगी पडते. परंतु खारटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की चिखलातील बहुतेक जीव नाहीसे होतात आणि पक्ष्यांना खाद्य उरत नाही. त्यातच कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात येणारे गोडे पाणी घटत गेले. 1980 च्या दशकातील नोंदींशी तुलना करून अभ्यासकांनी येथील लहान किनारपक्ष्यांच्या संख्येत मोठी घट नोंदविली आहे. ही तुलना करता येते, याचे कारण त्या दशकातील नोंदवह्या उपलब्ध आहेत. ज्या किनाऱ्यांवर कोणी मोजले नाही, तेथील घट सिद्धही करता येत नाही.

19 ऑगस्ट 2002 रोजी कोडियक्करैचा समावेश रामसर करारांतर्गत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. सुमारे 385 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात अभयारण्याबरोबरच मुत्तुपेट्टैची खारफुटी आणि ती मोजणी न झालेली खारी दलदलही आली. तमिळनाडूतील हे पहिले रामसर स्थळ होते आणि 2022 पर्यंत ते एकमेव राहिले. ज्या भूमीला महसूल दप्तरात नाव मिळाले नव्हते, तिला आंतरराष्ट्रीय करारात ते मिळाले. या मान्यतेमागे पक्ष्यांच्या मोजणीचा आधार होता, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. मात्र रामसरची मान्यता म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. 16 नोव्हेंबर 2018 रोजी गज चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले आणि येथील वनाची व वन्यजीवांची मोठी हानी झाली. निसर्गाच्या आघातांची वारंवारता वाढत असताना मानवनिर्मित बदलांनी दुर्बळ झालेली दलदल किती तग धरेल, हा प्रश्न अधिक गंभीर बनला आहे. 2024 मध्ये कर्ल्यू सँडपायपरचा समावेश जागतिक पातळीवर असुरक्षित प्रजातींत करण्यात आला. एके काळी कोडियक्करैच्या जाळ्यात विपुल संख्येने येणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हे घडले आहे.

समारोप

कोडियक्करैच्या इतिहासात मोजणीचे तीन प्रकार एकापुढे एक आलेले दिसतात. पहिली मोजणी महसुलाची होती आणि तिने मीठ मोजले, दलदल वगळली. दुसरी मोजणी रोगाच्या भीतीने व लष्करी निधीने सुरू झाली. तिने पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींचा माग घेता घेता पक्ष्यांचे मार्ग नोंदविले. तिसरी मोजणी संरक्षणाच्या हेतूने झाली आणि तिला दुसऱ्या मोजणीतून घडलेली साधने व माणसे मिळाली. या तिन्हींचे हेतू भिन्न असले तरी त्यांचे कागद परस्परांशी जोडून वाचल्याशिवाय या स्थळाचा इतिहास पूर्ण होत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या मुंबईचा पत्ता कोडियक्करैच्या पक्ष्यांच्या पायांत होता, त्या मुंबईलगत ठाणे खाडीच्या काही भागाला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथेही मिठागरे आहेत, तेथेही सीमेबाहेर राहिलेली पाणथळ भूमी आहे आणि पडीक जमीन म्हणून तिच्याकडे पाहणारी दृष्टी आहे. पक्षी अधिसूचनेतील सीमा पाहून उतरत नाहीत. भरतीच्या वेळी खाडीतील चिखल पाण्याखाली गेला की विसाव्यासाठी त्यांना सीमेबाहेरची उथळ जागाच शोधावी लागते.

महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल आणि प्राणिशास्त्र या विभागांनी आपल्या परिसरातील एखाद्या पाणथळ जागेच्या महसुली नोंदी आणि दर शरदातील पक्षिगणना यांचा संयुक्त अभ्यास हाती घेतल्यास कोडियक्करैसारखी तुलना अन्यत्रही शक्य होईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एकच जागा, तोच महिना आणि तीच पद्धत वर्षानुवर्षे सांभाळणे हीच त्यातील खरी अट आहे. सुमारे 150 चौरस किलोमीटरच्या त्या दलदलीवर महसूल खात्याची साखळी कधी फिरली नाही. तिचे मोल नोंदविले गेले ते रात्रीच्या काळोखात गुडघाभर चिखलात उभे राहून, एकेक पक्षी हातात घेऊन. पुढील पिढ्यांना या भूमीबाबत निर्णय घ्यावयाचा असेल, तर त्यांच्या हाती पुराव्यादाखल त्या नोंदवह्याच असतील.